जावा स्विंगच्या टेबलवर माउस: क्लिक, डबल क्लिक, राइट क्लिकचे नेहमी येणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडची बीसीए-एमसीएची पोरं प्रोजेक्टसाठी, आणि आपल्याकडचे छोटे सॉफ्टवेअरवाले केळी-कापसाच्या व्यापाऱ्यांसाठी, अजूनही जावा स्विंगमध्ये (जावामधलं विंडो, बटणं, टेबलं बनवायचं टूलकिट) डेस्कटॉप ॲप बनवतात आणि बहुतेक सगळे एकाच ठिकाणी येऊन अडतात, ते म्हणजे टेबल. म्हणून तेच तेच प्रश्न इथे एका जागी टाकलेत. उदाहरण सगळीकडे एकच धरलंय, रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याचं खरेदीचं टेबल. कॉलम असे: शेतकरी, गाव, घड, वजन क्विंटलमध्ये, भाव, रक्कम, आणि शेवटी पेमेंट झालं का त्याचा टिकमार्क.

मेथडची नावं खाली देवनागरीत सुटी-सुटी लिहिलीत, एडिटरमध्ये टाइप करताना ती जोडून लिहायची आणि दुसऱ्या शब्दापासून पहिलं अक्षर कॅपिटल. एवढं कळतंच म्हणा तुम्हाला.

टेबलवर क्लिक पकडायला नेमकं काय लावायचं?

जेटेबलवर, म्हणजे स्विंगच्या टेबलच्या क्लासवर, माउस लिसनर लावायचा, बस. लिसनर म्हणजे काही घडलं की आपोआप कॉल होणारा तुमचा कोड. माउस लिसनर या इंटरफेसमध्ये पाच मेथड असतात: प्रेस्ड, रिलीज्ड, क्लिक्ड, एंटर्ड, एक्झिटेड. पाच असल्यामुळे लॅम्डा चालत नाही, बटणाच्या ॲक्शन लिसनरसारखं एका ओळीत उरकत नाही, पोरं तिथे उगाच डोकं लावत बसतात. त्यापेक्षा माउस ॲडाप्टर घ्या, त्यात पाचही मेथड रिकाम्या लिहिलेल्या असतात, पाहिजे ती एकच ओव्हरराइड करायची.

आता खरी गोष्ट. जेटेबल हा एकच कंपोनंट आहे. तुम्हाला स्क्रीनवर हजार सेल दिसत असतील पण आत हजार कंपोनंट नसतात, त्यामुळे माउस इव्हेंटला ‘कोणत्या सेलवर क्लिक झालं’ हे माहीतच नसतं, त्याच्याकडे फक्त एक पॉइंट असतो, एक्स आणि वाय. तो पॉइंट टेबलला द्यायचा आणि विचारायचं: ‘रो ॲट पॉइंट’ आणि ‘कॉलम ॲट पॉइंट’. उत्तर शून्यापासून सुरू होतं, आणि रिकाम्या जागेवर क्लिक असेल तर उणे एक येतं. ते उणे एक आधी तपासायचं, नाहीतर पुढे इंडेक्सचं एक्सेप्शन ठरलेलं.

काही जण वायला 16 ने भागून रो काढतात, कारण कुठेतरी वाचलेलं असतं की रोची उंची डिफॉल्ट 16 पिक्सेल. असं करू नका भो. उंची बदलली की गणित गेलं, आणि मराठी नावं दाखवायची तर उंची बदलावीच लागते, 16 पिक्सेलमध्ये ‘चौधरी’ची मात्रा वरून कापली जाते. ‘सेट रो हाइट’ने 24-26 द्या आणि रो काढायचं काम टेबलवर सोडा.

‘गेट सिलेक्टेड रो’ असताना ‘रो ॲट पॉइंट’ कशाला?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. एक सांगतं सिलेक्ट काय आहे, दुसरं सांगतं माउस कुठे आहे. डाव्या क्लिकला बहुतेक वेळा दोन्ही सारखेच येतात म्हणून फरक जाणवत नाही, पण कंट्रोल दाबून क्लिक केलं की तीच रो सिलेक्शनमधून निघते, शिफ्ट दाबलं की रेंज होते, राइट क्लिकला तर सिलेक्शन हलतच नाही. माउसच्या कोडमध्ये माउसचाच पॉइंट विचारा.

सॉर्ट केल्यावर भलत्याच शेतकऱ्याचं बिल उघडतं, असं का होऊ राहिलं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि सगळ्यात धोक्याचापण, कारण इथे प्रोग्राम क्रॅश होत नाही, गुपचूप चुकीचं दाखवतो, आणि पैशाच्या कामात असं झालं की व्यापारी थेट फोन करतो.

जावा 6 पासून टेबलमध्ये सॉर्टिंग आयतं मिळतं, ‘सेट ऑटो क्रिएट रो सॉर्टर’ ट्रू केलं की हेडरवर क्लिक करून सॉर्ट होतं. पण सॉर्ट होतं ते फक्त दिसणं, म्हणजे व्ह्यू. मॉडेल म्हणजे टेबलच्या मागे खरा डेटा ठेवणारा ऑब्जेक्ट, त्यातला डेटा आहे तिथेच असतो. आता स्क्रीनवर पहिल्या नंबरला चिनावलचा शेतकरी दिसतोय, पण मॉडेलमध्ये तो सतराव्या नंबरला असू शकतो. ‘रो ॲट पॉइंट’ असो की ‘गेट सिलेक्टेड रो’, दोन्ही व्ह्यूचा नंबर देतात, आणि तुम्ही तो नंबर सरळ स्वतःच्या ॲरेलिस्टला दिला की झालं.

उपाय एका ओळीचा आहे. मॉडेलकडे किंवा लिस्टकडे जायच्या आधी ‘कन्व्हर्ट रो इंडेक्स टू मॉडेल’. सॉर्टर लावलेला नसेल तर तो आहे तोच नंबर परत देतो, म्हणून सवयच लावून घ्या, कायम लिहा. फक्त उणे एकची तपासणी त्याच्या आधी.

कॉलमचंही तसंच. हेडर धरून ओढलं की कॉलमची जागा बदलते, एखादा मुनीम वजनाचा कॉलम पुढे ओढून आणतो कारण त्याला तसं सोयीचं वाटतं, आणि तुमच्या कोडमध्ये मात्र ‘कॉलम 3 म्हणजे वजन’ असं पक्कं लिहिलेलं असतं. तिथे ‘कन्व्हर्ट कॉलम इंडेक्स टू मॉडेल’ वापरा. किंवा हेडरवर ‘सेट रीऑर्डरिंग अलाउड’ फॉल्स करून ओढणंच बंद करा, पण मला विचाराल तर लोकांना ओढू द्यावं, स्क्रीन त्यांची आहे.

एक बारकावा लक्षात ठेवा: ‘गेट व्हॅल्यू ॲट’ जर जेटेबलवर कॉल केलं तर त्याला व्ह्यूचे नंबर लागतात, मॉडेलवर कॉल केलं तर मॉडेलचे. दोन्हीची सरमिसळ केली की पुन्हा तोच घोळ.

एकदम पाच-सहा रो सिलेक्ट करून डिलीट केल्या तर दुसऱ्याच उडतात.

वरच्याच प्रश्नाचं भावंड. ‘गेट सिलेक्टेड रोज’ने जो ॲरे मिळतो त्यातला प्रत्येक नंबर आधी मॉडेलचा करून घ्या, सगळे झाल्यावर ते मोठ्याकडून छोट्याकडे लावा, आणि मग खालून वर डिलीट करत या. वरून सुरुवात केली तर पहिली रो उडाल्याबरोबर खालच्या सगळ्यांचे नंबर एकने सरकतात.

सॉर्ट केलं तर 1250 आधी आणि 980 नंतर येतं?

माउसचा प्रश्न नाही हा, पण हेडरवर क्लिक केल्यावरच दिसतो म्हणून इथे. डिफॉल्ट टेबल मॉडेल प्रत्येक कॉलम ऑब्जेक्ट आहे असं सांगतं, मग सॉर्टर सगळं टेक्स्ट समजून लावतो. ‘गेट कॉलम क्लास’ ओव्हरराइड करून घडाला इंटिजर, वजन-भाव-रकमेला डबल किंवा बिग डेसिमल द्या, आणि मॉडेलमध्ये व्हॅल्यूपण खरोखर तशाच टाका, स्ट्रिंग टाकून क्लास इंटिजर सांगितला तर एक्सेप्शन खाल.

डबल क्लिक कसं ओळखायचं?

‘गेट क्लिक काउंट’ 2 आहे का बघा, आणि बरोबरीने ‘स्विंग युटिलिटीज’मधलं ‘इज लेफ्ट माउस बटण’ ट्रू आहे का तेही बघा, नाहीतर राइट बटण दोनदा दाबलं तरी बिल उघडेल.

डबल क्लिक म्हणजे स्वतंत्र इव्हेंट नसतो. पहिल्यांदा काउंट 1 घेऊन क्लिक येतो, मग काउंट 2 घेऊन दुसरा येतो. म्हणून एका क्लिकला एक काम आणि डबलला दुसरं काम ठेवलं तर डबलच्या वेळी दोन्ही कामं होतात. टायमर लावून पहिला क्लिक थोडा थांबवता येतो, विंडोजवर डबल क्लिकची वेळ डिफॉल्ट 500 मिलिसेकंद असते आणि जावाच्या टूलकिट क्लासकडून ‘एडब्ल्यूटी डॉट मल्टी क्लिक इंटरव्हल’ ही प्रॉपर्टी मागितली की सिस्टीमवरची खरी वेळ मिळते. पण हे करावं लागतंय म्हणजे डिझाइनमध्येच गडबड आहे असं समजा. एका क्लिकने फक्त सिलेक्ट, डबलने उघडणं, एवढं ठेवलं की दोघांचं भांडणच होत नाही आणि स्क्रीनपण सुस्त वाटत नाही.

माझं डबल क्लिक काही सेलवर चालतं, काहींवर चालतच नाही.

ते सेल एडिटेबल आहेत, म्हणजे टेबलमध्येच टाइप करून बदलता येतात. टेक्स्टच्या सेलमध्ये एडिटर डिफॉल्टने दुसऱ्या क्लिकला उघडतो, म्हणजे दुसऱ्यांदा बटण दाबल्याबरोबर त्या जागी खराखुरा टेक्स्टफील्ड येऊन बसतो, आणि बटण सुटेपर्यंत माउसखाली टेबल नसतं, टेक्स्टफील्ड असतो. मग काउंट 2 चा क्लिक्ड इव्हेंट टेबलपर्यंत येत नाही. पोरं लिसनर तपासत राहतात, लिसनर बिचारा बरोबर असतो.

टेबल नुसतं बघायचं असेल तर एडिटिंग बंद करा. डिफॉल्ट टेबल मॉडेलमध्ये ‘इज सेल एडिटेबल’ कायम ट्रू असतं, ते ओव्हरराइड करून फॉल्स द्या, किंवा स्वतःचं मॉडेल ॲबस्ट्रॅक्ट टेबल मॉडेलवरून बनवा, तिथे ते मुळातच फॉल्स असतं. मी दुसरं सुचवेन, कारण शेतकरी, वजन, भाव असलेली तुमची ऑब्जेक्टची लिस्ट सरळ मॉडेलमध्ये ठेवता येते, व्हेक्टरच्या व्हेक्टरमध्ये डेटा कोंबावा लागत नाही.

दोन्ही पाहिजे असेल, म्हणजे भाव एडिटपण व्हावा आणि डबल क्लिकने बिलपण उघडावं, तर फक्त भावाचा कॉलम एडिटेबल ठेवा आणि बाकीच्यांवर डबल क्लिक. किंवा क्लिक्डऐवजी प्रेस्डमध्ये काउंट 2 बघा, तो टेबलला मिळतो. पण मग एडिटर आणि बिल दोन्ही एकदम उघडतील, त्याचं काय करायचं ते ठरवा.

क्लिक केलं तरी कधीकधी काहीच होत नाही. मधूनमधून.

बटण दाबल्यापासून सोडेपर्यंत माउस जरा सरकला की जावा त्याला ड्रॅग समजतं, प्रेस्ड येतो, रिलीज्ड येतो, क्लिक्ड येतच नाही. किती सरकलेलं चालतं हे सिस्टीमप्रमाणे बदलतं. आपण प्रोग्रामर लोक अलगद क्लिक करतो म्हणून आपल्या मशीनवर कधी दिसत नाही, पण काट्यावर बसलेला माणूस एका हातात पावत्या धरून दुसऱ्या हाताने माउस हाणतो, तिथे पाचातला एखादा क्लिक जातोच. अशा ठिकाणी कोड प्रेस्ड किंवा रिलीज्डमध्ये लिहा. प्रेस्डमध्ये प्रतिसाद लगेच वाटतो. रिलीज्डमध्ये लिहिलं तर एक तपासणी जास्त लागते, दाबली ती रो आणि सोडली ती रो एकच आहे का, नाहीतर ओढत नेऊन भलतीकडे सोडलं तरी काम होईल.

जिनिंगमध्ये उलटाही प्रकार बघायला मिळतो, एका क्लिकला डबल क्लिक होतं. तिथे माउसच बघा आधी, कापसाची रुई आणि धूळ बसून बटणाचा स्विच खराब झालेला असतो. इव्हेंटच्या ‘गेट व्हेन’मध्ये मिलिसेकंदात वेळ असते, ती प्रिंट करून बघितली की दोन दाबण्यांमधलं अंतर माणसाला शक्य नाही इतकं कमी दिसतं, मग कोड शोधत बसायची गरज नाही, माउस बदला.

राइट क्लिकचा मेनू विंडोजवर उघडतो, लिनक्सवर नाही. किंवा उलट.

‘इज पॉपअप ट्रिगर’, म्हणजे हा इव्हेंट मेनू उघडायचा आहे का, हे तुम्ही एकाच मेथडमध्ये तपासताय. विंडोजवर तो रिलीज्डमध्ये ट्रू येतो, लिनक्स आणि मॅकवर प्रेस्डमध्ये. दोन्हीकडे तपासा, एक छोटी मेथड करून दोन्हीतून कॉल करा. क्लिक्डमध्ये तपासून उपयोग नाही.

पण इतकंही करायची गरज नाही खरं तर. जावा 5 पासून ‘सेट कंपोनंट पॉपअप मेनू’ आहे, टेबलला तुमचा जेपॉपअपमेनू देऊन टाका, कुठल्या सिस्टीमवर कधी उघडायचा ते तो बघतो, आणि कीबोर्डवरची मेनूची की किंवा शिफ्ट एफ10 दाबलं तरी उघडतो. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये हे कीबोर्डचं सगळे विसरतात.

मेनू उघडतो पण ज्या रोवर राइट क्लिक केलं ती सिलेक्ट होत नाही.

होणार नाही. जेटेबल राइट क्लिकला सिलेक्शनला हात लावत नाही. आणि मेनूमधलं ‘पेमेंट झालं’ सिलेक्टेड रोवर चालतं, म्हणजे माउस निंभोऱ्याच्या शेतकऱ्यावर आणि टिकमार्क पडतो आधी सिलेक्ट असलेल्या फैजपूरच्या शेतकऱ्याला. पैशाची बाब आहे, हे सोडू नका.

प्रेस्डमध्ये असं करा: राइट बटण आहे का बघा, मॅकवर कंट्रोल दाबून क्लिक करतात म्हणून पॉपअप ट्रिगरपण बघा, मग ‘रो ॲट पॉइंट’ काढा. उणे एक असेल तर ‘क्लिअर सिलेक्शन’. रो असेल आणि ती आधीपासून सिलेक्ट नसेल, तरच ‘सेट रो सिलेक्शन इंटरव्हल’ करून ती एकटी सिलेक्ट करा. ‘आधीपासून सिलेक्ट नसेल तरच’ हे महत्त्वाचं आहे, कारण दहा रो निवडून त्यांच्यातल्याच एकीवर राइट क्लिक करणाऱ्याची निवड तुम्ही मोडली तर तो तुम्हाला शिव्या घालेल आणि त्या बरोबरच असतील.

हेडरवरचा क्लिक टेबलच्या लिसनरमध्ये येत नाही.

हेडर वेगळा कंपोनंट आहे, जेटेबलहेडर. ‘गेट टेबल हेडर’ने तो घ्या आणि त्यालाच लिसनर लावा, कॉलमचा नंबर त्याच्याच ‘कॉलम ॲट पॉइंट’ने. हेडर दिसतच नसेल तर टेबल स्क्रोल पेनमध्ये टाकलेलं नाही, सरळ पॅनेलवर टाकलंय. स्क्रोल पेनमध्ये टाकलं की हेडर आपोआप वर बसतं.

खालच्या रिकाम्या पांढऱ्या भागात क्लिक केलं तर लिसनर चालत नाही.

चारच रो असतील तर टेबलची उंची चार रोंचीच असते, खालचा पांढरा भाग स्क्रोल पेनच्या व्ह्यूपोर्टचा. ‘सेट फिल्स व्ह्यूपोर्ट हाइट’ ट्रू करा, टेबल खालपर्यंत पसरतं आणि क्लिक त्याला मिळतो, रो अर्थात उणे एक येईल. ‘नवीन खरेदी’ असा राइट क्लिकचा मेनू ठेवायचा तर हे पाहिजेच, नाहीतर सकाळी टेबल रिकामं असताना मेनूच उघडणार नाही.

सेलमध्ये बटण टाकलं, दिसतंय पण दाबलं जात नाही.

कारण ते बटण तिथे नाहीच. सेल स्क्रीनवर रंगवून दाखवतो तो रेंडरर, आणि रेंडरर म्हणजे शिक्का. एकच बटण घेऊन टेबल प्रत्येक सेलमध्ये त्याचा ठसा उमटवत जातं, आणि कागदावर उमटलेला शिक्का काही दाबता येत नाही. तुम्ही त्या बटणाला ॲक्शन लिसनर लावा नाहीतर माउस लिसनर, त्याच्यापर्यंत काही पोचणार नाही.

दोन रस्ते आहेत. पुस्तकी रस्ता म्हणजे एडिटर लिहायचा, ॲबस्ट्रॅक्ट सेल एडिटर एक्स्टेंड करून टेबल सेल एडिटर इम्प्लिमेंट करायचा, एडिटर हा खरा कंपोनंट असतो, एडिटिंग चालू असताना त्या सेलवर बसवलेला, त्यामुळे त्यातलं बटण खरंच दाबलं जातं. तो सेल एडिटेबल ठेवायचा आणि बटणाच्या ॲक्शनमध्ये आधी ‘फायर एडिटिंग स्टॉप्ड’ करून मग काम करायचं, नाहीतर रो डिलीट झाल्यावरही एडिटर तिथेच लटकून राहतो.

सोपा रस्ता: रेंडररने बटणाचं नुसतं चित्र दाखवायचं, आणि टेबलच्या माउस लिसनरमध्ये कॉलम ‘पावती’चा आहे का बघून काम करायचं. दाबल्याचा इफेक्ट दिसत नाही आणि कीबोर्डने चालत नाही, पण ‘पावती प्रिंट’सारख्या एखाद्या कॉलमला मी हाच रस्ता घेईन. एका सेलमध्ये तीन-तीन बटणं टाकायचा हट्ट असेल तर थांबा आणि ती बटणं टेबलच्या खाली टूलबारवर टाका, सिलेक्ट केलेल्या रोवर चालू द्या. व्यापाऱ्यालाही तेच सोपं जातं.

टिकमार्कचं काय? तिथेपण माउस लिसनर?

नाही. ‘गेट कॉलम क्लास’मधून बूलियन द्या आणि तो कॉलम एडिटेबल ठेवा, चेकबॉक्स दिसणं आणि एका क्लिकला बदलणं आयतं मिळतं. बदलल्यावर डेटाबेसमध्ये लिहायचं तर मॉडेलवर टेबल मॉडेल लिसनर लावा. माउस लिसनरने चेकबॉक्स उलटवायला गेलात तर एडिटर एकदा उलटवतो, तुम्ही एकदा, आणि टिकमार्क जिथल्या तिथे.

माउस फिरवला की रोचा रंग बदलायचाय.

‘माउस मूव्ह्ड’ मध्ये रो काढा, एका फील्डमध्ये ठेवा, ‘प्रिपेअर रेंडरर’ ओव्हरराइड करून त्या रोला वेगळा बॅकग्राउंड द्या, ‘माउस एक्झिटेड’ला फील्ड उणे एक करा. रो तीच असेल तर काही करू नका. बदलली असेल तर जुनी आणि नवी एवढ्याच दोन रो रीपेंट करा, ‘गेट सेल रेक्ट’ने त्यांचा चौकोन मिळतो. प्रत्येक हालचालीला अख्खं टेबल रीपेंट केलं तर दुकानातल्या जुन्या मशीनवर माउस फिरवताना जाणवतं. सिलेक्ट असलेल्या रोचा रंग बदलू नका, आणि बाकी रोंना मूळ रंग परत द्यायला विसरू नका, शिक्का एकच आहे, एकदा लावलेला रंग तसाच पुढच्या सेलवर उमटतो.

आणि इथे एक फसगत नेहमी होते. माउस ॲडाप्टरमध्ये जावा 6 पासून ‘माउस मूव्ह्ड’ आणि व्हीलची मेथडपण असते, म्हणून पोरं ती ओव्हरराइड करतात आणि फक्त ‘ॲड माउस लिसनर’ करतात. ती कधी कॉलच होत नाही. तोच ऑब्जेक्ट ‘ॲड माउस मोशन लिसनर’नेपण जोडावा लागतो.

कंट्रोल दाबून व्हील फिरवलं की फॉन्ट मोठा व्हावा असं केलं, तर साधं स्क्रोलिंगच बंद पडलं.

व्हीलचा इव्हेंट ज्या कंपोनंटवर लिसनर नाही तिथून वरच्याकडे जातो, असं करत स्क्रोल पेनला मिळतो. तुम्ही टेबलवर लिसनर लावला, आता तो तिथेच अडतो. कंट्रोल दाबलेलं नसेल तेव्हा ‘कन्व्हर्ट माउस इव्हेंट’ करून तो टेबलच्या पॅरेंटला ‘डिस्पॅच इव्हेंट’ने पाठवून द्या. फॉन्टसोबत रो हाइटपण वाढवायची, ती आपोआप वाढत नाही.

सेलवर माउस थांबवला की शेतकऱ्याची पूर्ण माहिती दिसली पाहिजे.

लिसनर नको. जेटेबलची ‘गेट टूलटिप टेक्स्ट’ ओव्हरराइड करा, तिला माउस इव्हेंटच मिळतो, त्यातून रो, मग मॉडेलची रो, मग टेक्स्ट. टूलटिप डिफॉल्टने 4 सेकंदांत जाते, एवढ्या वेळात पत्ता वाचून होत नाही, टूलटिप मॅनेजरमध्ये ‘सेट डिसमिस डिले’ वाढवा. तो सगळ्या ॲपला लागू होतो हे लक्षात असू द्या.

डबल क्लिक केलं की स्क्रीन फ्रीज होते.

लिसनरमध्ये डेटाबेसची क्वेरी आहे ना? माउसचे सगळे इव्हेंट आणि स्क्रीन रंगवणं एकाच थ्रेडवर चालतं, इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवर. तुमची क्वेरी सुटेपर्यंत ते सगळं थांबतं. घरी लॅपटॉपवर डेटाबेस तिथेच असतो म्हणून कळत नाही, पण सर्व्हर जळगावच्या ऑफिसात आणि मशीन गावाकडे, मधे इंटरनेट कधी आहे कधी नाही, मग कळतं. स्विंग वर्करमध्ये ‘डू इन बॅकग्राउंड’ला क्वेरी करा, ‘डन’मध्ये विंडो उघडा. ‘डन’मध्ये ‘गेट’ कॉल कराच, तो केला नाही तर आतलं एक्सेप्शन गिळलं जातं आणि काहीच झालं नाही असं दिसतं.

माणूस मधे पुन्हा डबल क्लिक करणारच, सगळे करतात. काम चालू आहे असा एक फ्लॅग ठेवा, असेल तर दुसरा क्लिक सोडून द्या, आणि कर्सर वेटचा करा.

एकदा डबल क्लिक केलं तर दोन विंडो उघडतात, रिफ्रेश केल्यावर तीन.

लिसनर रिफ्रेशच्या मेथडमध्ये लिहिलाय, दर रिफ्रेशला एक नवीन जोडला जातोय. लिसनर कन्स्ट्रक्टरमध्ये एकदाच लावा. ‘सेट मॉडेल’ने नवीन मॉडेल दिलं तरी टेबलवरचा माउस लिसनर जात नाही, परत लावायची गरज नसते.

रो बदलली की बाजूला डिटेल दाखवायचं, त्यासाठी माउस क्लिक बरोबर आहे ना?

नाही भो. ॲरो कीने खाली गेलं तर माउस लिसनर चालणार नाही आणि बाजूला जुन्याच शेतकऱ्याचं डिटेल दिसत राहील. हा प्रश्न सिलेक्शनचा आहे, सिलेक्शन मॉडेलवर लिस्ट सिलेक्शन लिसनर लावा, माउस, कीबोर्ड, कोडमधून केलेलं सिलेक्शन, सगळं त्यात येतं. ‘गेट व्हॅल्यू इज ॲडजस्टिंग’ ट्रू असेल तर परत फिरा, नाहीतर एका क्लिकला दोनदा चालतं.

तसंच डबल क्लिकने जे उघडतं ते एंटरनेपण उघडलं पाहिजे. दिवसभर एंट्री मारणारा माणूस माउसला हात लावायला कंटाळतो. टेबलमध्ये एंटर डिफॉल्टने खालच्या रोवर नेतो, म्हणून ‘व्हेन ॲन्सेस्टर ऑफ फोकस्ड कंपोनंट’वाल्या इनपुट मॅपमध्ये एंटरला तुमचं नाव द्या, ॲक्शन मॅपमध्ये त्या नावाला ॲक्शन द्या, आणि डबल क्लिकमधूनपण तीच मेथड कॉल करा.

भाव बदलला आणि सरळ सेव्ह दाबलं तर जुनाच भाव सेव्ह होतो.

एडिटर अजून उघडा आहे, व्हॅल्यू मॉडेलमध्ये उतरलेलीच नाही. टेबलवर ‘पुट क्लायंट प्रॉपर्टी’ने ‘टर्मिनेट एडिट ऑन फोकस लॉस्ट’ ट्रू करा. ही प्रॉपर्टी स्ट्रिंग म्हणून द्यायची असते, एक अक्षर चुकलं तर एरर येत नाही, फक्त चालत नाही. सेव्हच्या कोडमध्येपण ‘इज एडिटिंग’ बघून ‘स्टॉप सेल एडिटिंग’ करून घ्या.

हे सगळं सोडून जावाएफएक्समध्ये गेलं तर?

जावाएफएक्स म्हणजे स्विंगनंतर आलेलं जावाचं स्क्रीन बनवायचं टूलकिट. त्याच्या टेबलव्ह्यूमध्ये रो हा खरा नोड, म्हणजे खरा कंपोनंट असतो. ‘सेट रो फॅक्टरी’मध्ये टेबल रो बनवून त्यालाच ‘सेट ऑन माउस क्लिक्ड’ लावता येतं, आणि ‘गेट आयटम’ने तुमचा शेतकऱ्याचा ऑब्जेक्टच हातात येतो, व्ह्यू-मॉडेलच्या नंबरांची भानगड तिथे बरीच कमी. खालच्या रिकाम्या रोपण नोडच असतात, म्हणून ‘इज एम्प्टी’ आधी बघायचं. रो स्क्रोल करताना परत परत वापरल्या जातात, त्यामुळे आयटम क्लिकच्या वेळी काढा, रो बनवताना काढून ठेवू नका.

अडचण वेगळीच आहे. 2018 च्या जावा 11 पासून ओरॅकलच्या जेडीकेमधून (जावाच्या मूळ डेव्हलपमेंट किटमधून) जावाएफएक्स बाहेर काढलंय, ते वेगळं जोडावं लागतं आणि क्लायंटच्या मशीनवर सोबत न्यावं लागतं. स्विंग जेडीकेमध्येच येतं. नवीन ॲप असेल आणि पॅकेजिंगची तयारी असेल तर जावाएफएक्स घ्या. चालू ॲप फक्त टेबलच्या क्लिकसाठी उचलून तिकडे नेण्यात अर्थ नाही, वरच्यातलं एक ‘कन्व्हर्ट रो इंडेक्स टू मॉडेल’ जागेवर पडलं तरी निम्म्या तक्रारी मिटतात.